विरलेला मोजा

हे जमलं तर आपल्याला काय मिळणार, याचा अंदाज प्रफुल्लशेठ कोठावदे यांनी दाढी करता करताच बांधून टाकला. सकाळी पेपर वाचताना 'ऐकलंत का?' म्हणायला समोर कोणीतरी असणार. गिझर चालू राहिला की ओरडायला कोणीतरी असणार. एका कपाचा चहा कधीच धड होत नाही, तो दोन कपांचा व्हायला लागला की आपोआप सुधारणार. आणि दुपारी झोपून उठल्यावर घरात जी शांतता डोळे वटारून समोर बसलेली असते, तिला निघावं लागणार. ही झाली जमेची बाजू. जाणार काय? पलंगावर तिरकं झोपण्याचा हक्क, रात्रीच्या जेवणाला चिवडा खाण्याची मुभा आणि टीव्हीचा आवाज. जन्मभर साड्या विकलेल्या माणसाला एवढं गणित गालावरचा साबण वाळायच्या आत जमतं. सौदा फायद्याचा होता.

आणि सौदा फायद्याचा असला, तरी पहिल्याच बैठकीला सगळा माल गादीवर ओतायचा नसतो, हेही शेठना ठाऊक होतं.

"पप्पा, नवे मोजे कुठायत?" अन्विताने दारातून विचारलं. ही शेठची एकुलती लेक. बापाचं स्थळ उत्तरपर्व विवाह मंडळात तिनेच नोंदवलं होतं, आणि आज बापाला बघायला घेऊन जाणारीही तीच.

"ठेवलेत कपाटात."

"ठेवलेत म्हणजे? घालायला आणले होते मी."

"अगं, पहिल्या भेटीला कशाला? नुसतं बघणं तर आहे. जमलं तर साखरपुड्याला काढू."

"तिथे बूट काढायचे असतात पप्पा. तीनदा सांगितलंय."

"मग हे काय फाटलेत?" शेठनी पाय वर करून दाखवला. "विरलेत. विरलेल्यात आणि फाटलेल्यात फरक असतो. विरलेलं कापड नीट वापरलं तर वर्षभर जातं."

अन्विताने कपाटाकडे पाहिलं. सहा वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा तिच्या कपाटात घडीही न मोडलेल्या साड्यांची एक चळतच्या चळत निघाली होती. दुकानातल्या उत्तमातल्या उत्तम. सगळ्या चांगल्या दिवसासाठी ठेवलेल्या. त्यातून शेठनी काही शिकायला हवं होतं, असं लेकीला वाटायचं. शेठनी इतकंच केलं होतं, की त्या चळतीशेजारी आता नवे मोजे ठेवले होते.

"बरं, दोनच गोष्टी लक्षात ठेवा," ती म्हणाली. "एक, तिथे फक्त त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. दुसरीकडे नाही. आणि दोन, ताई म्हणायचं नाही."

ही दुसरी सूचना फालतू नव्हती. कोठावदे सारीजच्या गादीवर बसून शेठनी नाशिकमधल्या तमाम बायकांना ताई म्हटलं होतं. नवरीलाही ताई आणि नवरीच्या आजीलाही ताईच. मंडळाने याआधी दाखवलेलं एक स्थळ त्या एका शब्दावर उठून गेलं होतं.

पहिल्या सूचनेमागे मात्र शास्त्र होतं.

बघण्याचा कार्यक्रम आता घरी होत नसे. त्यासाठी गंगापूर धरणाच्या अलीकडे दृष्टिमहाल नावाचं कलादालन उघडलं होतं. त्यात चित्र एकही नव्हतं. होत्या त्या नुसत्या भिंती, छतापर्यंत उंच आणि कोऱ्या. चित्र बघणाऱ्याने आपल्याबरोबर आणायचं. माणसाचा डोळा एका जागी ठरत नाही. तो सेकंदाला तीन-चार उड्या मारतो, आणि त्यातल्या बहुतेक उड्यांची मालकाला खबरही नसते. मात्र मनात जे रुतलेलं असतं, तिथे तो परत परत येतो. तुम्ही मान वळवा, हवं तर छताकडे बघा. नजर एक बारीकसा हिसका तिकडे मारतेच, आणि डोळ्यातली बाहुली केसभर मोठी होते. भिंतीत पेरलेले कॅमेरे हे हिसके टिपत. पायाखालची मऊ जमीन कोण कोणत्या बाजूला झुकतोय ते सांगे, म्हणून बूट बाहेर. या सगळ्यावरून यंत्र ठरवी की या घडीला या खोलीत लोकांचं लक्ष खरोखर कशावर आहे, आणि त्याचं रूप, रंग, वळण घेऊन भिंतीवर प्रकाशाचं अवाढव्य चित्र रंगवी. हुबेहूब फोटो नव्हे, चित्रच. ज्याची ओढ जास्त, त्याचा रंग जास्त.

महाल सुरू झाला तेव्हा एका पुढाऱ्यांनी तिथे कला आणि संस्कृतीवर भाषण केलं होतं. भाषणभर त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर सोनेरी वेटोळी फिरत राहिली. टाळ्या पडल्या. नंतर कळलं की ती बाजूच्या टेबलावरची जिलेबी होती. तेव्हापासून पुढारी यायचे बंद झाले आणि विवाह मंडळं यायला लागली. पोह्यांच्या बशीआड माणूस लपू शकतो, भिंतीसमोर नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शेठना हे शास्त्र गाडीत बसल्या बसल्या समजलं. "हे तर मी गादीवर बसून करायचो," ते म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणतं, तो निळा दाखवा. डोळा सारखा जांभळ्याकडे. मी निळे चार उलगडायचो आणि बांधून जांभळा द्यायचो."

"मग आज तुम्ही गिऱ्हाईक आहात."

"छे. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहणार. म्हणजे भिंतीवर त्यांचंच तोंड येणार, एवढं मोठं." शेठनी दोन्ही हात फाकले. "गिऱ्हाइकाला आरसा दाखवला की निम्मी विक्री तिथेच होते."

दृष्टिमहालाच्या दारात वृंदा सबनीस आपल्या थोरल्या भावाबरोबर उभ्या होत्या. वृंदाबाईंनी जन्मभर आरटीओत मोटार वाहन निरीक्षक म्हणून काम केलं होतं. अर्ध्या जिल्ह्याला लायसन्स दिलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला परत पाठवलं होतं. सततच्या बदल्यांत लग्न राहून गेलं. मग गाड्या स्वतःच स्वतःला चालवायला लागल्या, लायसन्स लागेनासं झालं, आणि बाईंना वेळेआधी घरी यावं लागलं. सुती साडी, पायात काळे बंद बूट, केस मागे घट्ट बांधलेले. उभ्या अशा होत्या, की शेठना उगीचच सीटबेल्ट लावावासा वाटला.

"या, या ता—" शेठ सुरू झाले. अन्विताचं कोपर बरगडीत बसलं. "—तासभर झाला का येऊन?"

"आत्ताच येतोय," विद्याधरदादा म्हणाले. हे वृंदाबाईंचे बंधू. नाशिकरोडच्या एका कलारसिक मंडळाचे अध्यक्ष, गळ्यात रेशमी उपरणं, आणि आवाज असा की प्रत्येक वाक्यामागे माईक असावा. "कोठावदे, तुम्हाला अमूर्त चित्रकलेत रुची आहे, असं विवाह मंडळाच्या माहितीत वाचलं."

तो रकाना अन्विताने भरला होता. "आहे ना," शेठ म्हणाले. "अमूर्तच जास्त. मूर्त आपलं घरात असतंच."

वृंदाबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसल्या की काय, हे शेठना ठरवता येईना.

बूट काढून सगळे आत शिरले. जमीन खरोखरच मऊ होती, ओल्या वाळूसारखी. पाऊल टाकलं की ती खाली जाई आणि मग बोटं अलगद पुढे ढकली. चांगल्या मोज्याला त्याने काही झालं नसतं. शेठ चार पावलं चालले, आणि उजव्या पायाच्या टोकाशी त्यांना एकदम गार वारं लागलं.

कापडाच्या व्यवहारात आयुष्य गेलेल्या माणसाला विरलेलं कधी फाटलं हे खाली बघून कळत नाही, आतून कळतं. अंगठा बाहेर आला होता. वर लावलेल्या नारिंगी दिव्याखाली तो नुकताच मोकळा सुटल्यासारखा, ऐटीत उभा होता.

मोजे काढून टाकावेत, असं शेठच्या मनात आलं. पण समोरच्या पाटीवर लिहिलं होतं की उघड्या पायांनी जमिनीवर येऊ नये, घामाने यंत्रणा बिघडते. आता एकच उपाय होता: ठरल्याप्रमाणे बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचं. शेठनी बाईंच्या चेहऱ्याकडे डोळे रोखले, आणि मनात मात्र घोकत राहिले, 'अंगठा दिसत नसेल. अंगठा दिसत नसेल.'

भिंत काळोखी झाली.

"आता पाहा," विद्याधरदादा कुजबुजले, म्हणजे खोलीभर ऐकू येईल असं बोलले. "शून्यातून निर्मिती."

खालून एक करडा डोंगर वर आला. त्याच्या कडा मऊ, जरा कुसकरलेल्या. मग डोंगराच्या मधोमध एक भेग पडली, आणि भेगेतून हळूहळू एक गोल वर यायला लागला. तांबूस. मग केशरी. मग असा काही उजळ, की खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडांवर उजेड पडला. त्याच्या माथ्यावर एक रुंद चकाकती कोर होती.

"सूर्योदय!" विद्याधरदादांनी छातीवर हात ठेवला. "आणि वर ती कोर बघा! चंद्र! सूर्य आणि चंद्र एकाच बिंबात. दिवसाने रात्रीला पोटात घेतलंय. कोठावदे, तुम्हाला काय दिसतंय?"

शेठना स्पष्ट दिसत होतं. ती कोर म्हणजे नख होतं, आणि ते गेल्या रविवारी कापायला हवं होतं.

"सूर्यच," शेठ म्हणाले. त्यांनी घाईने अंगठा आत वळवला.

हलत्या वस्तूकडे डोळा आधी जातो, हे यंत्र बनवणाऱ्यांना माहीत होतं. शेठना त्या क्षणी सुचलं नाही. भिंतीवरच्या सूर्याने मान तुकवली. पुन्हा वर आला. पुन्हा मान तुकवली, आणि आधीपेक्षा दुप्पट मोठा झाला.

"नमस्कार!" विद्याधरदादांचा आवाज कापला. "सूर्य आपल्याला नमस्कार करतोय!"

बाजूच्या खोलीतून माणसं डोकवायला लागली. एका आजोबांनी खरोखरच हात जोडले. अन्विताने बापाकडे बघितलं, बापाच्या तोंडाकडे, मग खाली, आणि तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. तिच्याही नजरेची भर पडली. सूर्याला आता एक तजेला आला. शेठनी शेवटचा उपाय म्हणून डावा पाय उजव्यावर ठेवला. लगेच दुसरा डोंगर सरकत आला आणि सूर्य दोन डोंगरांत चेंगरून लाल झाला.

"मावळतीही दाखवली," विद्याधरदादा म्हणाले आणि डोळे पुसायला लागले.

एवढ्या गोंधळात वृंदाबाई कुठे आहेत, काय करताहेत, हे शेठनी पाहिलं का? नाही. ते त्यांच्या तोंडासमोर डोळे ठेवून उभे होते, आणि त्यांना काहीही दिसत नव्हतं.

शेवटची खोली लहान होती. इथे भिंती कोऱ्याच राहत. चित्र जमिनीवर उमटे. आत प्रत्येकाचं लक्ष खरोखर जिथे जिथे गेलं, त्याचा एक प्रकाशाचा धागा या जमिनीवर दिसे, ज्याचा त्याचा वेगळा रंग. लक्ष कोणी कशावर खर्च केलं, ते इथे उघडं पडायचं. विवाह मंडळं सगळ्यात जास्त वाट बघायची ती याच खोलीची.

चौघे आत उभे राहिले. विद्याधरदादांचा सोनेरी धागा निघाला, भिंतीकडे गेला आणि वाटेत तीनदा वळून दादांकडेच परत आला. त्या वाटेवर एक चकचकीत खांब होता आणि त्यात त्यांचं प्रतिबिंब दिसत असावं. अन्विताचा निळा धागा बापाच्या तोंडाकडून बापाच्या पायाकडे गेला आणि तिथेच थांबला.

वृंदाबाईंचा हिरवा धागा दाराशी सुरू झाला. आत आल्या आल्या, भिंत काळी होण्याआधीच, तो सरळ शेठच्या उजव्या अंगठ्यावर गेला होता. दोरखंडासारखा जाड.

"तुम्ही आधीच पाहिलात?" शेठच्या तोंडून निघालं.

"लायसन्सला येणाऱ्याचं तोंड सगळ्यांचंच आत्मविश्वासाचं असतं," वृंदाबाई म्हणाल्या. "मी पायच बघायची. क्लचवरचा पाय खोटं बोलत नाही." मग त्यांनी जमिनीकडे बोट केलं. "तुमचा धागा कुठला?"

लाल. सापडायला वेळ लागला, कारण तो फार लांब गेलाच नव्हता. शेठच्या डोळ्यांतून निघाला होता आणि शेठच्याच अंगठ्यावर जाऊन वळसे घालत बसला होता. बाईंच्या चेहऱ्याकडे त्याचा एक तंतूही गेला नव्हता.

"मी तुम्हाला बघायला आले होते," वृंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही कोणाला बघायला आला होतात?"

शेठना दुकानातली सगळी वाक्यं पाठ होती. 'रंग तुमच्यासाठीच बनलाय.' 'घरी नेऊन उजेडात बघा.' 'नाही आवडलं तर परत आणा.' त्यातलं एकही इथे चालत नव्हतं. दुपारची ती शांतता आठवली. डोळे वटारून बसलेली. ती आता उठून जाणार नव्हती.

"नवे मोजे आहेत घरी," ते म्हणाले. "लेकीने आणलेले. जमलं तर साखरपुड्याला घालू म्हणून ठेवले. मग इथे अंगठा बाहेर आला, आणि तुमच्या तोंडाकडे बघून मी नुसता त्याचाच विचार करत होतो. तुमचे डोळे कोणत्या रंगाचे आहेत विचाराल तर मला आत्ताही सांगता येणार नाही. मी अमूर्त चित्रंही कधी बघितलेली नाहीत."

"पप्पा!" अन्विता म्हणाली.

"वृंदे, याचा अर्थ असा, की त्यांची रुची—" विद्याधरदादा सुरू झाले.

"दादा, थांब." वृंदाबाईंनी शेठना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. उमेदवाराला आठ काढायला लावून झाल्यावर न्याहाळत असाव्यात तसं. "नापास," त्या म्हणाल्या.

शेठनी मान खाली घातली. खाली अंगठा होता. त्यांनी मान परत वर घेतली.

"नापासाला आठ दिवसांनी परत येता येतं," बाई दाराकडे जाता जाता म्हणाल्या. "आमच्या खात्याचा नियम होता. खातं बंद झालं, नियम कोणी रद्द केलेला नाही."

त्या आठ दिवसांत बरंच घडलं. दृष्टिमहालाने तो सूर्योदय महिन्याचं सर्वोत्तम चित्र म्हणून निवडला आणि दर्शनी भिंतीवर लावला, 'उदय' असं नाव देऊन. विद्याधरदादांनी आपल्या मंडळाच्या अंकात त्यावर लांबलचक लेख लिहिला. 'त्या बिंबाच्या माथ्यावरील कोर ही मानवी आकांक्षेची खूण आहे,' हे त्यातलं वाक्य पुढे दोघातिघांनी भाषणांत वापरलं. अन्विताने तो लेख वाचला तेव्हा ती ऑफिसात होती, आणि तिला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

शेठनी नख कापलं. मग कपाट उघडलं. साड्यांची चळत तशीच होती. त्यांनी लेकीला हाक मारली. "तुझ्या आईच्या या साड्या घेऊन जा. आणि नेसायच्या. ठेवायच्या नाहीत." मग त्यांनी मोज्यांचं पाकीट फोडलं.

दुसऱ्या भेटीला दोघंच आली. दारातच 'उदय' झळकत होता, पुरुषभर उंच, केशरी. समोर कॉलेजच्या दोन मुली हात मागे बांधून गंभीरपणे उभ्या होत्या.

"काय शांत वाटतं ना बघून," एक म्हणाली.

शेठनी वृंदाबाईंकडे पाहिलं. वृंदाबाईंनी शेठकडे पाहिलं. आरटीओतल्या कोणीही कधी ऐकला नसेल असा एक फुर्र आवाज बाईंच्या नाकातून निघाला, आणि मग दोघांनाही भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"चला, बूट काढा," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

शेठनी बूट काढले. मोजे करकरीत होते. एकाच्या टाचेवर किमतीचं लेबलही राहून गेलं होतं. वृंदाबाई बाकावर बसल्या. डावा बूट काढला. मग उजवा.

त्यांच्या उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

शेठ बघत राहिले. जन्मभराची सवय, कापड दिसलं की हात आधी आणि माणूस नंतर. विरलेलं कापड फाटतं तेव्हा कडेला तंतू लोंबतात, आजूबाजूची वीण सैल पडते, रंग उतरलेला असतो. इथे वीण घट्ट होती. रंग गडद होता. कड सुरीने केक कापावा तशी सरळ होती.

"हे विरलेलं नाही," शेठ म्हणाले. "कात्रीने कापलंय. आणि मोजा कोरा आहे. आजच घडी मोडलीये याची."

"मग?" बाई म्हणाल्या.

"चांगला मोजा होता हो."

"असू दे. तुमचा एकट्याचाच किती दिवस भिंतीवर राहणार?"

त्या आत निघाल्या. शेठ मागोमाग. या खेपेला त्यांनी अंगठ्याकडे बघायचं ठरवलं होतं, चेहऱ्याकडे नाही. पण आत भिंत उजळली तेव्हा तिच्यावर अंगठा कुठेच नव्हता. दोन तपकिरी तळी होती, काठाशी जराशा सुरकुत्या, आणि पाण्यावर कसलंसं हसू. शेठना आता रंग सांगता आला असता.

तर या सगळ्यात कोणाचं काय गेलं? विद्याधरदादांचा एक लेख गेला, आणि तो कशावर लिहिला हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. अन्विताची एक ओढणी, ती तिने चावून खराब केली. दृष्टिमहालाचं काहीच गेलं नाही, उलट चित्र मिळालं. शेठचा जुना मोजा कधीतरी जाणारच होता. खरं नुकसान म्हणाल तर एकच झालं: एक कोरा, घट्ट विणीचा, काळा मोजा, जो अजून दोन वर्षं सहज गेला असता. ते वृंदाबाईंनी सोसलं.